घुमटाखाली सगळं साफ

माझी बायको बोटी सोडते. म्हणजे दोर ती सोडत नाही, इंजिन ती चालू करत नाही, पण ती माईकवर बोलल्याशिवाय आमच्या धक्क्यावरून एकही बोट हलत नाही. "बेटाची बोट दोन नंबरच्या फाटकाला लागली आहे, प्रवाशांनी रांगेनं यावं," असं ती म्हणाली की लोक उठतात, पिशव्या उचलतात, पोरांची मनगटं धरतात आणि चालू लागतात. गावात तिला 'बोटीची बाई' म्हणतात. मला 'बोटीच्या बाईचा नवरा'. माझ्या दुकानावर एवढी मोठी पाटी असताना असं म्हणतात, याचं मला अधूनमधून वाईट वाटतं. मी सोफे शिवतो. सोफे, गाद्या, खुर्च्यांच्या बैठकी. जगात जे मऊ असायला हवं आणि नसतं, ते माझ्याकडे येतं.

जुना धक्का म्हणजे एक लांबलचक पडवीच होती. बुटकं लाकडी छप्पर, एका अंगाला पाणी, दोन बाजूंना फळ्यांच्या भिंती, आणि मधे पोती, टोपल्या, वळकट्या, माणसं. तिथं बायकोचा आवाज काय जायचा! शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारा माणूस आपली बोट लागली की बरोबर उठायचा, आणि दुसऱ्याची लागली की कूस बदलून झोपायचा. एका कर्ण्यावर सगळा कारभार होता.

मग नवा धक्का झाला. खाली आरशासारखी दगडी फरशी, चहूकडे काचा, आणि डोक्यावर हा एवढा घुमट. घुमटाची कल्पना धक्क्याच्या साहेबांची. उद्घाटनाला ते लोकांकडे बघतच नव्हते, वर बघत होते. मलाही घुमट आवडला. बसायच्या खुर्च्या लोखंडी आणि बिनगादीच्या आहेत एवढंच खटकलं, पण ते मला देवळापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडेच खटकतं, त्यामुळे मी गप्प बसलो. बायकोला जिन्यावरची काचेची खोली मिळाली. तिथून तिला सगळा धक्का दिसतो. ऐकू मात्र काही येत नाही, कारण दार लावल्याशिवाय माईक सुरू करायचा नाही असा नियम आहे.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. लोकांच्या बोटी चुकायला लागल्या. एक कुटुंब बेटावर लग्नाला निघालं होतं, ते दीपगृहाच्या बोटीत बसलं आणि आहेर घेऊन समुद्राच्या मधोमध पोचलं. लोक तिकिटाच्या खिडकीवर येऊन भांडायचे: "ती वरची बाई तोंडात काय धरून बोलते?" पहिल्यांदा बायको हसली. मग चिडली. मग ती मोठ्यानं बोलायला लागली. तक्रारी वाढल्या. मग आणखी मोठ्यानं. बोटी आणखी चुकायला लागल्या.

याचा परिणाम आमच्या घरावर व्हायचा तो झालाच. संध्याकाळी दमून येणारी बायको जेवताना "मीठ द्या" असं म्हणायची आणि शेजारी दार उघडून बघायचे. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दुपारी ज्येष्ठमधाचा तुकडा गालात, रात्री गळ्याला मफलर. आणि दिवसातून चारदा मला प्रश्न: "अहो, खरं सांगा, माझा आवाज गेलाय का हो?"

मी लगेच म्हणायचो, "छे! साफ ऐकू येतंय."

मी काही खोटं बोलत नव्हतो. मी खास तिच्यासाठी दुकान बंद करून धक्क्यावर जाऊन उभा राहिलो होतो. कधी मधोमध, कधी कोपऱ्यात. मला सगळं कळलं. बेटाची बोट, दोन नंबर. दीपगृहाची बोट, चार नंबर. खाडीपलीकडची, एक नंबर, प्रवाशांनी घाई करू नये. एक अक्षर चुकलं नाही. मी घरी येऊन सांगितलं, "लोकच बहिरे झालेत गं. तुझं सगळं साफ आहे."

धक्क्यावरच्या लोकांचंही तेच म्हणणं होतं. तिथं जुन्या पडवीच्या काळापासून एक पद्धत आहे. सकाळची पहिली बोट लागायच्या आधी चार माणसं चार कोपऱ्यांत जाऊन उभी राहतात: तिकीटवाला, फाटकवाला, झाडलोट करणाऱ्या मावशी, आणि जो मोकळा असेल तो. बायको एक घोषणा करते. ज्याला साफ ऐकू आली तो हात वर करतो. चार हात वर झाले की दिवस सुरू. नव्या धक्क्यातही रोज चार हात वर होत होते. घुमटाखाली सगळं साफ होतं. फक्त प्रवाशांना काही कळत नव्हतं.

साहेब वाईट माणूस नाहीत. पण घुमट त्यांचा लाडका होता, आणि लाडक्याला कोण दोष देतो? त्यांनी एका कंपनीकडून तयार आवाज मागवला. आमच्याच वेळापत्रकाच्या सगळ्या घोषणा, कुणा गोड गळ्याच्या मुलीनं बोललेल्या, बटण दाबलं की सुरू. चार माणसं कोपऱ्यांत उभी केली. चार हात वर.

"आता बघा बाई," साहेब बायकोला म्हणाले, "आमच्या माणसांना तुमच्या आवाजाची सवय आहे, म्हणून त्यांना तुमचं कळतं. परक्या माणसाला कळत नाही. या नव्या आवाजाची इथं कुणालाच सवय नाही, तरीसुद्धा चारही हात वर झाले. याचा अर्थ काय?"

अर्थ बे दुणे चार इतका सरळ होता. साहेबांनी सोमवारी शेवटची चाचणी ठेवली. नवा आवाज पसंत पडला की बायकोनं माईक सोडायचा आणि तिकिटाच्या खिडकीत बसायचं. पगार तोच, सुट्ट्या त्याच.

"कानामागून आली आणि तिखट झाली," बायको घरी येऊन म्हणाली आणि मफलर सोडून खुर्चीवर भिरकावला. मग तिथंच उभ्याउभ्या रडली. मी म्हटलं, अगं, खिडकीत बसून घशाला आराम पडेल. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. चाळिशी ओलांडलेल्या बाईला गावात स्वतःची अशी एकच गोष्ट होती, तिचा आवाज, आणि तो गेला असं तिला चारचौघांत सांगण्यात आलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळलेलं बोलायचं कसं हे मला जमत नाही. मी चहात साखर जास्त घातली.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. खाडीपलीकडे राहतात, वर्षातून दोनदा येतात, आल्या की माझ्या दुकानातल्या सगळ्या गाद्या दाबून बघतात आणि एकीलाही चांगली म्हणत नाहीत. चार दिवस राहून शुक्रवारी सकाळी परत निघाल्या. मी त्यांना धक्क्यावर सोडून दुकानात आलो. दुपारी घरी जातो तर सासूबाई पलंगावर पाय पसरून बसलेल्या.

"आई, तुम्ही गेला नाहीत?"

"बोट गेली. मी राहिले."

"अहो पण तुमच्या लेकीनंच तर घोषणा केली असेल!"

"लेकीनंच केली. आवाज ओळखला मी, नऊ महिने पोटात वागवलंय. पण ती काय म्हणत होती ते देवाला ठाऊक. नुसतं वरून भांडी कोसळल्यासारखं. एक बोट गेली, म्हटलं दुसरी माझी असेल. दुसरीही गेली. मग लोक म्हणाले, आजी, आता संध्याकाळी."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यात तोंड घालून हळूच पुटपुटलो, "म्हातारीचे कान गेले."

"तुमची अक्कल गेली, जावईबापू," पलंगावरून उत्तर आलं. "कान जागेवर आहेत."

कान जागेवर होते यात शंकाच उरली नाही. संध्याकाळी बायको आली, तिला हे कळलं, आणि मला वाटलं आता घरात रडारड होणार. स्वतःच्या आईला आपलं बोलणं कळलं नाही याहून मोठी चपराक कुठली? पण ती आईच्या समोर स्टुलावर बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दीपगृहाची बोट चार नंबरच्या फाटकाला लागली आहे."

"आता कळलं," सासूबाई म्हणाल्या. "असं सांगितलं असतंस तर मी घरी असते."

बायको उठली. आम्हा दोघांना घेऊन ती माझ्या दुकानात गेली. दुकानात चहूकडे कापूस, फोम, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचे गठ्ठे, छतापर्यंत रचलेल्या गाद्या. तिथं टाळी वाजवली तर वाजल्यासारखी वाटतच नाही. बायको मागच्या भिंतीपाशी गेली आणि जवळजवळ कुजबुजली. सासूबाईंनी दारातून शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. मग आम्ही आमच्या इमारतीच्या जिन्यात गेलो. पाच मजल्यांचा उघडाबोडका जिना, फरशी आणि चुना, दुसरं काही नाही. बायको तळाशी उभी राहिली, आम्ही दोघं वर. तिनं खच्चून घोषणा केली. आवाज भिंतींवर आपटत, मजल्यामजल्यावरून माघारी येत, एकमेकांच्या अंगावर पडत आमच्यापर्यंत आला. पहिला शब्द विरायच्या आधीच दुसरा त्याच्यावर बसत होता. दारात दहा माणसं एकदम घुसली की एकही आत जात नाही, त्यातला प्रकार.

"काही कळलं नाही," सासूबाई ओरडल्या.

"खाडीपलीकडची, एक नंबर, घाई करू नये!" मी ओरडलो. "साफ!"

बायको वर आली, धापा टाकत, पण चेहऱ्यावर पहिल्यांदाच उजेड. "आई, माझा आवाज नाही गेला. तो धक्का घुमतोय. मी जितकी ओरडते तितका तो जास्त घुमतो, आणि मी आणखी ओरडते."

"मग यांना कसं कळलं?" सासूबाईंनी माझ्याकडे हनुवटी उडवली.

"माझे कान तयार आहेत," मी म्हणालो.

"कान कसले? यांच्यापुढे खलबत्ता जरी कुटला तरी यांना बोटच ऐकू येईल. रोज सकाळ-संध्याकाळ तेच ऐकतायत, पाठ झालंय सगळं."

मी हे जावयाला मारलेला टोमणा समजलो आणि सोडून दिला. बायको मात्र जिन्याच्या कठड्याला धरून विचार करत उभी राहिली. जेवताना मीठ तिनं खुणेनं मागितलं.

शनिवारी ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, धक्का घुमतोय. साहेबांनी वर घुमटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बाई, नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका."

"साहेब, अंगण एकदा मोजून तर बघा."

"रोज मोजतो. चार माणसं उभी करून मोजतो."

"मग सोमवारी तुम्ही स्वतः उभे राहा. मधोमध, घुमटाखाली. आधी मी तीन घोषणा करते, मग तुमचा नवा आवाज लावा. मला फक्त तीन द्या."

साहेबांनी दिल्या. जाणाऱ्या माणसाला शेवटचं काही मागू द्यावं, एवढा दिलदारपणा त्यांच्यात होता.

सोमवारी सकाळी मीही गेलो. फाटकवाल्याच्या घरी पाहुणे होते म्हणून तो आला नव्हता, तेव्हा चौथा कोपरा मीच मागून घेतला. म्हटलं, निदान एक हात तरी घरचा असावा. मी मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी हात वर करायचा, आणि असा करायचा की काचेच्या खोलीतून तिला नीट दिसेल. तिकीटवाला एका कोपऱ्यात, मावशी झाडू भिंतीला टेकवून दुसऱ्यात, कंपनीकडून आलेला तंत्रज्ञ तिसऱ्यात, मी चौथ्यात. साहेब मधोमध, हात मागे बांधून. सासूबाई सामानघराच्या खिडकीशी बसल्या होत्या. सामानघर म्हणजे हॉलच्या कडेची बुटक्या छताची खोली, बोचकी आणि वळकट्यांनी गच्च भरलेली. जुन्या धक्क्यावरचा कर्णा तिथं कुणीतरी लावून ठेवला आहे आणि वरच्या माईकवर तो अजून चालतो. सामानघराचे काका सासूबाईंच्या वयाचे, त्यांचं चांगलं जमलं होतं.

वरच्या खोलीचा दिवा लागला. बायकोनं पदर सावरला. स्पीकर खरखरले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," असं आलं, आणि पुढे नेहमीचं. सूर तोच, चढउतार तेच, मधे थांबायची जागा तीच. बेटाची बोट. मी हात वर केला. तिकीटवाल्यानं केला, मावशींनी केला, तंत्रज्ञानं इकडेतिकडे बघून केला. साहेबांनी मोठ्या मनानं स्वतःचाही केला.

तेवढ्यात माझं लक्ष सामानघराकडे गेलं. सासूबाईंनी पायातली चप्पल काढली होती आणि ती उंच धरून साहेबांकडे बघत होत्या. त्यांच्या मागे सामानघराच्या काकांनीही आपली चप्पल उगारली होती.

साहेबांचा हात हवेतल्या हवेत थांबला. "या बाई कोण?"

मी लांबूनच सासूबाईंना खाली, खाली अशा खुणा करत होतो. लेकीची नोकरी चालली म्हणून आई साहेबांवर चप्पल उगारते, आणि जावई कोपऱ्यात हात वर करून उभा! सासूबाईंनी चप्पल आणखी थोडी उंच केली.

स्पीकर पुन्हा खरखरले. दुसरी घोषणा. दीपगृहाची असावी, तशीच लय होती. चार हात वर. साहेबांनी चपलेवरची नजर न काढता हात वर केला. सामानघरात मात्र दोघं एकमेकांना टाळ्या देत खोखो हसायला लागली.

तिसरी घोषणा जरा निराळी वाटली. सूर खाली, वेग कमी. खाडीपलीकडची, मी म्हटलं. प्रवाशांनी घाई करू नये. ही शेवटची होती म्हणून मी दोन्ही हात वर केले, आणि तोंडभर हसलो, की तिला वरून दिसावं. सामानघरात कुणी हसत नव्हतं आता. सासूबाई चप्पल मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

बायको जिना उतरून खाली आली. चेहरा पांढराफटक, पण पावलं ठाम. साहेब म्हणाले, "छान. सगळ्यांना साफ ऐकू आलं. आता तो नवा आवाज—"

"साहेब, मी काय म्हणाले?"

"काय म्हणजे? बेटाची बोट, दोन नंबर."

"मी म्हणाले, ज्याला हे ऐकू येतंय त्यानं हात खाली ठेवावा आणि उजव्या पायातली चप्पल उंच करावी."

मावशींनी आपल्या पायांकडे बघितलं. तिकीटवाल्यानं वर राहिलेला हात हळूच खिशात घातला.

"आणि दुसऱ्यांदा?" साहेबांनी विचारलं, पण त्यांना विचारायचं नव्हतं हे दिसत होतं.

"दुसऱ्यांदा म्हणाले, दीपगृहाची बोट आज साहेब स्वतः वल्हवत नेणार आहेत. तुम्ही हात वर केलात."

सामानघरातून काका ओरडले, "मी म्हटलं, आजच्याआज सुट्टी टाकून बघायला जायचं!"

साहेब लाल झाले, मग कसनुसं हसले, आणि मग त्यांनी शहाण्या माणसासारखं केलं: ते सामानघराच्या खिडकीशी गेले आणि बायकोला म्हणाले, वर जाऊन आणखी काहीतरी बोला, मला माहीत नसलेलं. ती गेली. बुटक्या छताखाली, वळकट्यांच्या शेजारी उभं राहून साहेबांनी तिचं बोलणं ऐकलं आणि प्रत्येक शब्द जसाच्या तसा म्हणून दाखवला. आवाज तोच, बाई तीच. मग त्यांनी तंत्रज्ञाला नवा आवाज लावायला सांगितला, पण आमच्या वेळापत्रकाचा नव्हे. त्याच्याजवळ दुसऱ्याच कुठल्या धक्क्याचा नमुना होता, तो. साहेब घुमटाखाली जाऊन उभे राहिले. गोड गळ्याची मुलगी बोलली. साहेबांनी कान दिला, मान वाकडी केली, एक पाऊल इकडे गेले, एक तिकडे. हात काही वर झाला नाही.

आम्हा सगळ्यांना वेळापत्रक पाठ होतं हो. मोडकंतोडकं काहीही कानावर पडलं की पुढचं आमचं आम्हीच भरून घेत होतो आणि हात वर करत होतो. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच आम्ही विचारत होतो, ऐकू आलं का म्हणून.

"गादीवाले," साहेबांनी मला हाक मारली. त्यांचा आवाज घुमला. ते खाकरले आणि माझ्याजवळ चालत आले. "तुमच्याकडे जाड नमदा मिळतो का? वर लावायला." मान वर करून त्यांनी घुमटाकडे बघितलं, आजारी मुलाकडे बघावं तसं. "आणि ते वरचे स्पीकर काढून खाली बाकांपाशी आणू. बाई, तोवर तुम्ही हळू बोला. थांबून थांबून. माईक तुमचाच."

मावशींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या घुमल्या आणि आम्ही दहाबारा जण आहोत असं वाटलं. बायको हसली, डोळे पुसले, आणि पहिली बोट लागली म्हणून वर पळाली. त्या सकाळी तिनं एकेक शब्द सुटा करून, मधे जागा ठेवून, अगदी बेतानं घोषणा केल्या. एक परका माणूस, पाठीवर पिशवी, पहिल्यांदाच आलेला असावा, उठला आणि बरोबर दोन नंबरच्या फाटकाकडे गेला. मी त्याच्या मागे जाऊन खात्री करून आलो.

दुपारी बोटी थोड्या थांबतात. आम्ही सामानघरात डबा उघडून बसलो होतो. सासूबाई आणि काका बाहेर ऊन खायला गेले होते. बायको जेवत होती, आवाज न करता मीठ मागत होती, आणि मी साहेबांचा चपलेकडे बघणारा चेहरा पुन्हा पुन्हा करून दाखवत होतो. मग मला एकदम आठवलं.

"आणि तिसरी गं? तिसरी काय होती? साहेबांनी विचारलंच नाही."

"ती घरगुती होती."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासाठी होती. तुम्ही तर दोन्ही हात वर केलेत. ऐकलंत ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. संसारात मी हजारदा म्हटलंय ते. ती बोलत असते, मी शिवत असतो, आणि ती काय म्हणणार हे मला माहीत असतं.

"नाही," मी म्हणालो. "नाही ऐकू आलं. काय म्हणालीस?"

तिनं घास खाली ठेवला. त्या बुटक्या छताखाली तिला मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.

"मी म्हणाले, अहो, मला फार भीती वाटतेय. मला 'साफ ऐकू येतंय' असं सांगू नका. वर या आणि जरा माझ्याशेजारी बसा."

"आणि मी..."

"तुम्ही दोन्ही हात वर केलेत," ती म्हणाली. "आणि हसलात."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि उठली, कारण दुपारची बोट लागत होती. मीही उठलो आणि तिच्या मागोमाग जिना चढलो. तिनं एकदा वळून बघितलं. काचेच्या खोलीत खुर्ची एकच होती. मी दार लावून घेतलं आणि तिच्या पायाशी फरशीवर बसलो.